आप्पांना जगू दे

दांडिया बाजार, बडोदे
मृगाच्या आधीचा रविवार

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

तुझी कादंबरी वाचून झाली. आधी सलग वाचली, मग पेन्सिल घेऊन वाचली, आणि आता समासातल्या खुणा समोर ठेवून लिहायला बसले आहे. फोनवर तू "आवडली का गं?" एवढंच विचारशील, मी "हो" म्हणेन आणि पुढचं बोलणं दोन्ही घरच्या तब्येतींवर जाईल. म्हणून पत्र.

आवडली. फार आवडली. आपल्याकडे गोष्टीतलं गाव म्हटलं की कोकणातलं, नाहीतर देशावरचं. नर्मदेच्या उत्तरेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, बाजारात गुजरातीत घासाघीस करणारी आणि घरात मराठीत रडणारी आपली माणसं वाचायला मिळत नाहीत. तू त्यांना आमच्या बडोद्याजवळच्या डभोईत बसवलंस, आणि तेही कुठल्या निमित्ताने? छोट्या गाडीचे निवृत्त गार्ड आप्पा, ऐंशीच्या पुढचे, आणि समोरच्या गुजराती घरातली अकरा वर्षांची चिमी. या दोघांची मैत्री. बस, एवढंच. खून नाही, वाड्याचा वाद नाही, परदेशातून आलेला मुलगा नाही. एवढ्याशा दोऱ्यावर तू अख्खी कादंबरी पेललीस.

गार्डच्या पेटीचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं. चिमी पेटीतली एकेक वस्तू बाहेर काढून ओसरीवर मांडते, हिरवा झेंडा, लाल झेंडा, हातदिवा, आणि आप्पा शिट्टी ओठांपर्यंत नेतात पण वाजवत नाहीत. का वाजवत नाहीत, हे तू लिहिलं नाहीस. फार बरं केलंस. यार्डातले रूळ उचलले जात असताना ओसरीवर बसलेल्या माणसाने शिट्टी कशासाठी वाजवायची?

आता खुणांकडे येते.

आप्पांच्या नोकरीतली चांदोदची वर्षं तू एका परिच्छेदात उरकलीस. तिथे थांब. डभोईहून चांदोदला जाणाऱ्या डब्यात कोण बसायचं ते आपण दोघींनी पाहिलेलं आहे. ओरसंग आणि नर्मदेच्या संगमावर अस्थी घेऊन निघालेलं घर, मांडीवर फडक्यात बांधलेला कलश, मुंडण केलेला मुलगा. आणि अमावास्या असली की त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कर्नाळीच्या कुबेर भंडारीला निघालेली, वाटेतच चिवड्याची पुडी सोडून बसलेली हसरी मंडळी. गार्डला दोघांनाही एकाच शिट्टीवर न्यायचं असतं. कोणाला काही न विचारता त्याच्याजवळ उभं राहण्याची आप्पांची सवय तिथलीच असणार, आणि चिमीला त्यांच्यात सापडलं ते हेच. तिच्या घरात सगळे तिला प्रश्न विचारतात. आप्पा विचारत नाहीत.

डभोई–मियागाम रेल्वेच्या १८६२ सालाचा उल्लेखही ओझरता आहे. अगं, हिंदुस्थानातली पहिली नॅरो गेज ती! रुळांमधलं अंतर अडीच फूट आणि गाडी ओढायला बैल. वाफेचं इंजिन नियमित धावायला १८७३ उजाडावं लागलं. तू हे आप्पांच्या तोंडी माहिती म्हणून घातलंस आणि चिमी "हो?" म्हणून गप्प बसली. अकरा वर्षांची मुलगी गप्प बसेल का? बैलांना लाल झेंडा कळायचा का, वाटेत हिरवं शेत दिसलं तर ते गाडीसकट थांबायचे का, पावसात चिखल झाला की रुळांमध्ये पाय कसे ठेवायचे, असं ती विचारेल. आणि आप्पांना उत्तर येणार नाही. येऊ देऊ नकोस.

इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. तुझ्या आप्पांना सगळं येतं. ते चिमीला झेंडे शिकवतात, गणित शिकवतात, तिच्या वडिलांशी बोलून तिची सहल मिळवून देतात, तिला ताप आला तर रात्रभर जागतात. आणि चिमी काय करते? ती हसते, आणि आप्पांचं घर भरून जातं. सुलभा, हे आजोबा आणि नात झालं. मैत्री अजून झाली नाही. मैत्रीत म्हाताऱ्यालाही काहीतरी कमी पडावं लागतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडे नसून त्या पोरीकडेच असावं लागतं.

तुला आमच्या वाड्यातल्या आत्याबाई आठवत असतील. कोणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या, पण साऱ्या वाड्याच्या आत्याबाई. मी चौथीत असताना त्यांना अक्षर दिसेनासं झालं. सुई ओवून देणं, किराण्याची यादी वाचणं, पंचांगात चतुर्थी बघणं ही कामं माझ्याकडे आली. बदल्यात त्या मला काही देत नव्हत्या. गोष्टी सांगत नव्हत्या, खाऊ तर नाहीच. पत्ते खेळायच्या, आणि लहान आहे म्हणून कधी जिंकू द्यायच्या नाहीत. हरले की म्हणायच्या, "रडायचं असेल तर घरी जा, खेळायचं असेल तर पिस." साऱ्या वाड्यात माझ्याशी माझ्या वयाच्या वर येऊन बोलणारं ते एकच माणूस होतं.

एकदा त्यांच्या मुलाचं पत्र आलं. दार लावून घेतलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी ते पुन्हा वाचून घेतलं, घडी करून कनवटीला लावलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला सांगू नकोस." एवढंच. शपथ नाही, आमिष नाही. आईने त्या रात्री मला खोदून खोदून विचारलं आणि मी सांगितलं नाही. आत्याबाई गेल्या, त्यांचा मुलगाही गेला, आणि त्या पत्रात काय होतं ते मी आज तुलाही सांगणार नाही. माझ्या आयुष्यातली पहिली मैत्रीण ती. तू दुसरी.

चिमीला असं काहीतरी दे. आप्पांचं एखादं ओझं, जे त्यांना मुलाला सांगता येत नाही. नोकरीतली एखादी रात्र असेल, पैशाचं असेल, डोळ्यांचं असेल. ते चिमीच्या हाती येऊ दे आणि ती ते सांभाळते की नाही यावर वाचकाचा जीव टांगू दे.

हे मी आज इतक्या ठामपणे लिहिते, कारण आता मी दुसऱ्या बाजूला बसले आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा संध्याकाळी वर येतो. माझ्याशी आता सगळे सावकाश बोलतात गं. मुलगा फोनवर गोळी घेतली का विचारतो, सून जिना जपून उतरा म्हणते, बँकेतली मुलगी प्रत्येक शब्द सुटा करून सांगते. सगळे मायेने करतात, मला ठाऊक आहे. पण हा पोरगा परवा माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही लहान असताना कोणाला घाबरायच्यात?" मी विचार करायला लागले तर म्हणाला, "खरं सांगा हं." इतक्या वर्षांत मला कोणी खरं सांग म्हणून बजावलं नव्हतं. तुझ्या कादंबरीत आप्पांना चिमी हवी असण्याचं कारण हे असायला हवं. घर भरून जाणं वगैरे वरवरचं आहे.

दत्तबावनीबद्दल, म्हणजे रंग अवधूत महाराजांच्या बावन्न ओळींच्या दत्तस्तोत्राबद्दल. तू आप्पांना रोज रामरक्षा म्हणायला लावलीस, असू दे, पण गुरुवारी बावनी हवीच. रंग अवधूत महाराज मूळचे वळामे, गोध्र्याला जन्मलेले, घरची भाषा मराठी, आणि बावनी रचली गुजरातीत. आमच्याकडेही ती म्हणतात आणि समोरच्या गुजराती घरातही. आप्पा आणि चिमीला एका सुरात म्हणता येईल असं याहून चांगलं काय मिळणार? आणि ती आप्पांपेक्षा चिमीला पक्की पाठ असू दे. मध्येच एखादी ओळ त्यांच्या जिभेवरून निसटली की तिने न थांबता पुढे न्यावं, आणि त्यांनी तिच्या मागोमाग म्हणावं.

तसंच हिरा भागोळीचं, डभोईच्या किल्ल्याच्या त्या दरवाज्याचं. वास्तूच्या कोरीव कामाचं वर्णन सुंदर उतरलंय. पण किल्ल्याचा दगड चोरून आपल्या आवडत्या तेनसाठी तळं बांधणारा हिरा आणि त्याला भिंतीत जिवंत चिणणारा राजा, ही दंतकथा आप्पा सांगतात आणि चिमी डोळे विस्फारून ऐकते. तिला हुज्जत घालू दे. "तेनला तळं हवं होतं का, हे कोणी विचारलं तिला?" असं काहीतरी. आप्पांनी ती गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे आणि हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. त्यांनी रागवावं. दोन दिवस बोलू नये. मग त्यांनीच आधी हाक मारावी, कारण चिमीचं बरोबर आहे.

बारीकसारीक. आप्पांच्या आईला तू निरक्षर केलंस. ती साधारण १९१० च्या आसपासची. बडोदे संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट होतं, मुलींनासुद्धा, आणि मूल शाळेत आलं नाही तर आईबापांना दंड व्हायचा. ती शाळेत गेली नसेल तर कारण द्यावं लागेल. मी तर म्हणेन तिला वाचता येऊ दे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून वाचनालयांची व्यवस्था लावली, आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. गावात वाचनालय हवं असेल तर गावाने आपला वाटा उभा करायचा, तेवढेच पैसे प्रांत पंचायत घालायची आणि तेवढेच संस्थान. म्हणजे आप्पा आणि चिमी ज्या वाचनालयाच्या पायरीवर भेटतात, त्यात कोणा पूर्वजांचे आणे गेलेले असणार. आप्पांच्या आईने भिशीतून वाचवलेले चार आणे त्यात टाकले असतील तर? चिमीला ते कळलं, तर वाचनालय बंद करायची गोष्ट निघते तेव्हा ती ज्या तावातावाने बोलते, त्याला आधार मिळेल.

आणि कृपा करून रात्रीची भाकरी-ठेचा काढून टाक. पुण्यात राहून विसरलीस का? डभोईच्या मराठी घरात रात्री खिचडी-कढी, नाहीतर भाखरी-शाक. आप्पांच्या वरणात गूळ पडलाच पाहिजे.

आता शेवट. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे.

तू आप्पांना मारलंस. जानेवारी २०२१, चांदोदच्या रुंद रुळांवरून पहिली मोठी गाडी केवडियाकडे जाते, गावभर गर्दी, आणि इकडे ओसरीवर आप्पा गेलेले. चिमी शिट्टी वाजवते. मी रडले. कोणीही रडेल. पण रडून झाल्यावर मला वाटलं, हे रडू मी माझ्या वडिलांसाठी रडले, आप्पा-चिमीच्या मैत्रीसाठी नाही. म्हातारं माणूस गेलं की वाचक आपापल्या घरच्या मरणाकडे जातो आणि तुझी दोघं मागे राहतात.

खऱ्या आयुष्यात अशा मैत्रीला मरण गाठत नाही. त्याआधीच पोरं मोठी होतात. मी नववीत गेले, क्लास सुरू झाला, मैत्रिणी झाल्या (त्यात तूच पहिली), आणि आत्याबाईंकडे जाणं आपोआप कमी झालं. भांडण नाही, काही नाही. सुई ओवायला धाकट्या बहिणीला पाठवायला लागले. आत्याबाईंनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "अभ्यास कर." त्यांना कळत होतं. तो पोरगाही येईनासा होईल, मलाही कळतं.

हे लिही ना. आप्पा जिवंत आहेत, चिमी चौदाची झाली आहे, मोठी गाडी सुरू झाली आहे आणि ती मैत्रिणींबरोबर गाडी बघायला गेली आहे, आप्पांना न सांगता. गर्दीत तिला आप्पा दिसतात, काठी टेकत आलेले. ते तिला बघतात आणि ओळख दाखवत नाहीत, तिच्या मैत्रिणींसमोर तिला संकोच होऊ नये म्हणून. मग ती काय करते? हे तू ठरव. माझ्या मनात एक उत्तर आहे, पण ते मी लिहीत नाही. चिमीला माझ्यापेक्षा तू जास्त ओळखतेस.

प्रकाशकाला घाई असेल तर त्याला थांबव. शेवटची तीन प्रकरणं नव्याने लिहायला तुला पावसाळा पुरेल. गौरी-गणपतीनंतर इकडे ये. प्रतापनगरहून गाडीने डभोईला जाऊ, स्टेशन नीट बघू, वाचनालयाच्या पायरीवर बसू, आणि पुढे चांदोदलाही जाऊन येऊ. माझे गुडघे अजून एवढं चालू देतात. हस्तलिखित माझ्याकडेच ठेवते, समासात फार लिहिलंय, टपालात गहाळ व्हायला नको. आलीस की हाती देईन.

भाऊजींना नमस्कार, नातीला आशीर्वाद. तिला कादंबरी वाचायला दिलीस का? दे. ती बारा वर्षांची आहे ना? चिमी कुठे खोटी वाटते ते तिला विचार आणि ती जे म्हणेल ते मला कळव.

तुझी,
नलू