पानावरची कविता कापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फारसी प्रेमकाव्यावरचा लेख फार आवडला. सोबतची चित्रं पाहून मात्र जीव हळहळला. माझं आयुष्य छापखान्यात पुस्तकांची पानं लावण्यात गेलं, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

‘प्राचीन इराणी चित्र’ म्हणून छापलेलं ते निळ्या रात्रीचं चित्र एडमंड द्युलाकचं आहे. जन्मानं फ्रेंच, नाव कमावलं लंडनमध्ये. उमर खय्यामच्या रुबायांचा फिट्झजेराल्डनं जो इंग्रजी अवतार केला, त्यासाठी १९०९ साली त्यानं ही चित्रं काढली. रंगीत चित्रं वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात चिकटवायची, अशी त्या काळच्या देखण्या पुस्तकांची रीत होती. द्युलाक मलाही मनापासून आवडतो. तेव्हा त्याचं चित्र जरूर छापा, पण त्याच्या नावानं छापा.

खरं दुःख दुसऱ्या चित्राचं. चित्रकार बिहजादचं युसूफ-झुलेखा! ते ज्या पोथीत आहे, ती सादी या फारसी कवीच्या ‘बोस्तान’ काव्याची प्रत १४८८ साली हेरातमध्ये (आजच्या अफगाणिस्तानात) सुलतान हुसेन बायकरासाठी तयार झाली, आज ती कैरोत आहे. तुम्ही त्यातली फक्त दोन माणसं उचललीत, निसटू पाहणारा युसूफ आणि त्याला धरायला झेपावलेली झुलेखा. अख्खा वाडा गेला की हो! त्या पानावर जिने नागमोडी वर चढत जातात, दालनामागून दालन येतं आणि दारं सगळी बंद. खालच्या दारापासून नजर एकेक दार ओलांडत वर पोचते, तेव्हा कुठे कळतं की युसूफ किती आत अडकला आहे. सादीच्या ओळींत हा वाडा नाहीच. सात दालनांचा वाडा आहे जामी या दुसऱ्या कवीच्या युसूफ-झुलेखावरच्या काव्यात. जामी त्याच हेरातचा, आणि त्याचं काव्य चित्राच्या जेमतेम पाच वर्षं आधीचं. म्हणून सादीच्या ओळी चौकटींत आहेत आणि जामीच्या ओळी कमानीभोवती. एकाच पानावर दोन कवी नांदताहेत. तुमच्या तुकड्यात त्यांतला एकही उरला नाही.

तिसरं चित्र शिरीनच्या स्नानाचं. कवी निजामीच्या या कथेत शिरीन राजपुत्र खुस्रोच्या प्रेमात पडते तीच मुळी शापूर या चित्रकारानं काढलेली तसबीर पाहून. पुढच्या चित्रकारांना ही कथा इतकी जवळची का वाटली, ते यावरून समजावं. इराणच्या शाह तहमास्पसाठी तब्रीझमध्ये १५३९ ते १५४३ या काळात झालेल्या प्रतीत खुस्रो घोड्यावर तोंडात बोट घालून थबकलेला आहे, आणि दोघांनीही एकमेकांना ओळखलेलं नाही. या पोथीच्या रुंद समासांत सोन्याच्या रंगात प्राणी चितारलेले आहेत. तुम्ही समास छाटलात, त्याबरोबर तेही गेले. पाणी काळपट दिसतं म्हणून कुणी ते निळं करायला जाऊ नये, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. अशा चित्रांत पाण्याला चांदी वापरत, आणि चांदी काळाबरोबर काळवंडते.

चित्राखाली चित्रकाराचं नाव नसणं तर मुळीच पटत नाही. ख्वाजू किरमानीच्या काव्यांची १३९६ सालची बगदादची प्रत पाहा. त्यातल्या हुमाय आणि हुमायून या प्रेमिकांच्या लग्नानंतरच्या चित्रात चित्रकार जुनैदनं खिडकीच्या जागी बारीक अक्षरांत सही केली आहे. ज्यांनी सही करायचा मान कमावला, त्यांची नावं आपण गाळायची?

विनंती एवढीच. जागा कमी असेल तर तीन तुकड्यांऐवजी एकच पान छापा, पण पूर्ण छापा, चौकटीतल्या ओळींसकट आणि समासासकट. खाली कवी, चित्रकार, साल आणि पोथी आज कुठे आहे, एवढ्या चार गोष्टी द्या. आणि चौकटीतल्या ओळींचा मराठी अर्थ कुणा फारसीच्या जाणकाराकडून मिळाला, तर आमच्यासारख्या वाचकांची मोठीच सोय होईल.

आपला,
एक जुना वाचक