‘अजब कारभार’ कसला?

महोदय,

‘सकाळी प्लाझ्मा, रात्री रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन, डॉक्टरांचा अजब कारभार’ ही कालची पान पाचवरची बातमी वाचली. रुग्णालयाच्या फुटलेल्या काचांचा फोटो आहे, नगरसेवकांची प्रतिक्रिया आहे, चौकशीची मागणी आहे. रुग्णाला नेमके काय झाले होते, ते मात्र शेवटच्या ओळीत ‘जंतुसंसर्ग’ या एका शब्दात उरकले आहे. त्या रुग्णालयाचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. तिथे हलगर्जीपणा झालाही असेल. पण जे ‘अजब’ म्हणून मथळ्यात चढवले आहे, ते अतिदक्षता विभागात रोजचे आहे.

मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो, म्हणून थोडे सांगतो. जंतुसंसर्ग रक्तात भिनला, सेप्सिस झाला, की काही रुग्णांत शरीरभर रक्त गोठण्याची यंत्रणा विनाकारण चालू होते. बारीक बारीक रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात. त्यात प्लेटलेट या रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी आणि फायब्रिनोजेनसारखी रक्त गोठवणारी प्रथिने खर्ची पडतात. मग सुई टोचली तिथून, हिरड्यांतून, लघवीवाटे रक्त यायला लागते, कारण थांबवायला काही शिल्लकच नसते. पहिल्याच पंगतीला सगळे वाढून संपावे आणि मग वऱ्हाड दारात यावे, तसे. डॉक्टर याला डीआयसी म्हणतात. एकाच माणसाच्या एकाच रक्तात गुठळ्याही असतात आणि रक्तस्रावही. रक्त वाहत असेल तेव्हा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग, त्यात ही गोठवणारी प्रथिने असतात) आणि प्लेटलेट द्यायच्या. ते थांबले आणि गुठळ्यांचे पारडे जड झाले, की हेपारिन, म्हणजे मथळ्यातले ते रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन. हे कधी द्यायचे यावर डॉक्टरांत मतभेद असतात, पण दोन्ही एकाच रुग्णाला देणे म्हणजे गुन्हा नव्हे. आणि मूळ संसर्ग आटोक्यात आल्याशिवाय या दोन्हींचा फारसा उपयोग नाही, हे त्याहून महत्त्वाचे. करोनाच्या काळात ‘डी-डायमर’ हा शब्द आपणच रोज छापत होता. त्या रक्ततपासणीचा आकडा विरघळलेल्या गुठळीच्या तुकड्यांचाच असतो. चार-पाच वर्षांत सगळे विसरायला झाले?

आमच्या कोकणात तर हे समजावून सांगायलाच नको. फुरसे चावले की रक्त गोठायचे थांबते, हे शेतावरच्या गड्यालाही ठाऊक असते. विषाने गोठवणारी द्रव्ये आतल्या आत खाऊन टाकलेली असतात. आम्ही त्याची परीक्षा साध्या काचेच्या नळीत करायचो. स्वच्छ, कोरडी नळी, दोन मिली रक्त, आणि वीस मिनिटे तिला हातसुद्धा लावायचा नाही. मग हळूच तिरकी करायची. रक्त घट्ट बसले तर ठीक. पाण्यासारखे ओघळले तर डॉक्टरांना हाक मारायची, सर्पविषावरच्या प्रतिविषाचे इंजेक्शन चालू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत ही परीक्षा फसवते. साबणाच्या पावडरने धुतलेलीही चालत नाही. नवीन आलेल्या मुलांना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

हे सगळे माहीत असूनही माझ्याच घरावर वेळ आली तेव्हा काय झाले, ते ऐका. थोरली वहिनी मधुमेही. लघवीचा संसर्ग अंगावर काढला, थंडी भरून ताप आला, आणि भानावर राहिली नाही तेव्हा तिला कोल्हापूरला एका खासगी रुग्णालयात नेले. (आमच्या तालुक्यात रक्त साठवणूक केंद्र आहे, पण प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत, २०-२४ अंशांत, सतत हलत्या फळीवर, तेही पाचच दिवस. ही व्यवस्था तालुक्याला कोण देणार?) मी गावी होतो. रात्री भावाचा फोन आला. म्हणाला, “सकाळचो डॉक्टर म्हणता रगात गोठणा नाय, सांजचो म्हणता गुठळ्यो झाल्यो. दोगांतलो एक खोटा सांगता.” दोघेही खरेच सांगत होते. पण दोघांपैकी एकालाही खुर्ची ओढून माझ्या भावाशेजारी पाच मिनिटे बसावेसे वाटले नाही. इंग्रजीतल्या फॉर्मवर सह्या मात्र गठ्ठ्याने घेतल्या. सातवी शिकलेला माणूस, ज्याने जन्मभर काजूची बाग केली, त्याने त्या फॉर्मातून काय समजून घ्यायचे होते?

पुतण्याला चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना देऊन रक्तपेढीत पिटाळले. नमुन्यावर वॉर्डातल्या कुणी नाव लिहिले नव्हते, म्हणून परत पाठवले. यात रक्तपेढीची चूक नाही, मीही परतच पाठवला असता. दुसऱ्या खेपेला सांगितले, आधी दाते आणा. परक्या शहरात रात्री दाते कुठून आणायचे? २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात ही बदली दात्यांची पद्धत हळूहळू बंद करायची असे लिहिले आहे. किती हळूहळू, ते लिहायचे राहिले असावे. शेवटी गावाकडची, एमआयडीसीत कामाला असलेली पोरे शोधून उभी केली. मग प्लाझ्मा वितळायला वेळ. गोठवलेली पिशवी दगडासारखी असते, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास तरी जातो. ‘गरम पाण्यात टाका की’ म्हणून पुतणा काउंटरवर ओरडला. गरम पाण्याने नेमकी तीच प्रथिने नासतात ज्यांच्यासाठी ती पिशवी हवी होती. पण हे त्याला सांगायला तिथे कुणी नव्हते. त्या रात्री त्याच्या हाताशी दगड असता तर तुमच्या पान पाचवर फोटो आमच्या घरचा आला असता.

वहिनी वाचली. पायाची तीन बोटे काळी पडली होती, ती काढावी लागली. बारीक रक्तवाहिन्याच बंद झाल्यावर दुसरे काय होणार? पण वाडीत आजही बोलतात की ‘डॉक्टरांनी बोटां खाल्ली.’ कालची बातमी ही त्याच वाडीतल्या गप्पांची छापील आवृत्ती आहे. फरक एवढाच, की वाडीतले लोक अंकाचे पैसे घेत नाहीत.

आता त्याच पानाच्या तळाशी असलेल्या जाहिरातीविषयी. ‘प्लेटलेट झपाट्याने वाढवा, पपईच्या पानांचा शुद्ध अर्क.’ वर रक्त न थांबल्याची बातमी, खाली पपई! जागा विकायची असते हे कळते. पण डीआयसीत प्लेटलेट कमी होतात त्या खर्ची पडतात म्हणून, पपई खाल्ली नाही म्हणून नव्हे. कुणी घरात हा अर्क पाजत बसला आणि प्रतिजैविक सुरू व्हायला एक दिवस उशीर झाला, तर तो दिवस परत मिळत नाही.

आणि बातमीच करायची असेल तर हीही आहे: १०४ क्रमांकावर फोन केला की रक्त पोहोचवणारी ‘जीवन अमृत’ योजना २०१४ साली राज्यभर गाजावाजा करून सुरू झाली होती. ती बंद का झाली, हे एखाद्या वार्ताहराने विचारावे. त्यासाठी काचा फुटायची वाट पाहायची गरज नाही.

माझी विनंती साधी आहे. एखाद्या अतिदक्षता तज्ज्ञाला गाठून डीआयसीवर पाव पान छापा, मराठीत, भावाला वाचता येईल असे. त्या रुग्णालयाची चूक चौकशीत निघाली तर तीही त्याच आकाराच्या मथळ्यात छापा. आणि शक्य झाल्यास त्या दिवशी पपईला दुसऱ्या पानावर जागा द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सिंधुदुर्ग