स्क्रॅमजेटच्या दोन उड्डाणांत पुन्हा आठ वर्षांचं अंतर नको

प्रति,
मा. राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो.

स्क्रॅमजेट म्हणजे इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन सोबत न नेता भोवतालच्या हवेतून घेणारं अतिवेगवान इंजिन. २८ ऑगस्ट २०१६ रोजी इस्रोने श्रीहरिकोटाहून आरएच-५६० या छोट्या रॉकेटला अशी दोन इंजिनं जोडून उडवली आणि ध्वनीच्या सहापट वेगात ती सुमारे पाच सेकंद पेटती ठेवली. अशी उड्डाणचाचणी करणारा भारत चौथा देश ठरला. तिच्यानंतरचं दुसरं प्रायोगिक उड्डाण झालं २२ जुलै २०२४ रोजी. मधल्या आठ वर्षांसाठी हे पत्र लिहितो आहे.

प्रक्षेपकात भरलेल्या प्रणोदकाच्या, म्हणजे इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर यांच्या, एकूण वजनात जवळजवळ ७० टक्के वाटा एकट्या ऑक्सिडायझरचा असतो. आमच्याकडच्या लोखंड वितळवणाऱ्या जुन्या क्युपोला भट्टीत कोळसा भरावा लागे, हवा मात्र ब्लोअर बाहेरूनच ओढून देई. रॉकेट भोवती हवा असतानाही स्वतःचा ऑक्सिजन वाहून नेतं. स्क्रॅमजेटमध्ये समोरून घुसणारी हवा वेगामुळेच दाबली जाते, फिरणारा कॉम्प्रेसर लागत नाही, आणि त्या हवेवर हायड्रोजन जळतो. अवघड भाग पुढे आहे. आतला प्रवाहही ध्वनीपेक्षा वेगवान असतो, त्यामुळे इंधन मिसळून, पेटून, जळून जायला काही मिलिसेकंदच मिळतात. आधी रॉकेटने वेग दिल्याशिवाय हे इंजिन सुरूच होत नाही आणि हवा विरळ झाली की पुन्हा रॉकेटच लागतं.

पुन्हा वापरता येणारी रॉकेटं आली असताना हा खटाटोप कशाला, असं काही जाणकार विचारतात. द्रव ऑक्सिजन स्वस्त आहे आणि हवा घेणारं इंजिन जड होतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण इस्रोने २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात पंखांचं यान धावपट्टीवर उतरवून दाखवलं. तशा यानाला हे इंजिन परवडेल की नाही, याचा निकाल चाचण्यांनीच लागेल, आणि त्या वरचेवर व्हायला हव्यात.

सातत्याने काय साधतं ते हैदराबादेत दिसलं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने २०२५ च्या जानेवारीत स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष जमिनीवर १२० सेकंद चालवला. एप्रिलमध्ये, छोट्या आकाराच्या कक्षावर, हाच आकडा १००० सेकंदांच्या पुढे गेला. ते काम क्षेपणास्त्रांसाठी आहे, पण उष्णतेशी झुंज तीच. उलट ब्रिटनच्या रिॲक्शन इंजिन्स या कंपनीने सेबर या हवा घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या इंजिनासाठी केलेल्या प्रीकूलरने, म्हणजे आत येणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या यंत्रणेने, २०१९ मध्ये सुमारे १००० अंश सेल्सिअस तापलेली हवा सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी वेळात थंड केली. तरीही पैसा उभा राहिला नाही आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बहुतेक माणसांची नोकरी गेली. एवढं शिकलेली माणसं पांगली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कोल्हापूरचं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्या मुख्यतः बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम करतात. ट्रॅक्टर, गाड्या, पंप यांचे भाग. स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष उद्या आम्ही ओतू, असं मी म्हणणार नाही. मात्र चाचणी स्टँडचे फिक्श्चर, पवनबोगद्यातली मॉडेल्स, व्हॉल्व्हच्या बॉडी यांचं मशीनिंग इथे शिकता येईल. अशा कामात लागणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूवर टूल भराभर झिजतं, कापण्याचा फीड-स्पीड नव्याने बसवावा लागतो, तपासणीचं यंत्र घ्यावं लागतं. त्यासाठी कर्ज काढायचं आणि पुढची ऑर्डर आठ वर्षांनी? मालक एक वेळ थांबेल. हात बसलेला टर्नर थांबत नाही, तो दुसरीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर कामही जातं.

म्हणून मागणी आहे की पुढच्या दहा वर्षांतील स्क्रॅमजेटसारख्या हवाश्वासी (हवेतून ऑक्सिजन घेणाऱ्या) इंजिनांच्या उड्डाणचाचण्यांचं वेळापत्रक जाहीर करा आणि त्यासाठीचा निधी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवा, म्हणजे दुसऱ्या मोहिमेची निकड आली की तो तिकडे वळणार नाही. गुप्त नसलेल्या भागांची यादी खासगी उद्योगांना अंतराळ क्षेत्रात वाव देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत खुली करा, अगदी पाच-दहा नगांच्या ऑर्डरींसह. आणि त्यावर एक बैठक शिरोलीत घ्या. मालकांबरोबर यंत्रावर उभे राहणारे कामगार आणि शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थीही तिथे बोलवा. ड्रॉइंग पाहून काय जमेल आणि काय नाही, ते हे लोक तुम्हाला तिथल्या तिथे सांगतील.

आपला,
उद्यमनगरातील एक मशीन शॉपचालक, कोल्हापूर