टिटवीची वही

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस, अन् मला जे सांगायचंय ते फोनवर तोंडातून निघत नाही. म्हणून लिहितोय.

विहिरीच्या वरच्या अंगाला, हौदापासून पन्नासेक पावलांवर टिटवीनं अंडी घातली. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दिसली. दिसली म्हणजे, पाय पडता पडता राहिला. चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली. खाली थोडे खडे अन् शेळीच्या लेंड्या, बस. मातकट रंगावर काळे ठिपके. जरा मान वळवली की ढेकळांत परत सापडेनात. तू बजावलं होतंस, म्हणून जवळ खुंटी ठोकली नाही. कावळ्याला खूण कळते. धुऱ्यावरच्या बाभळीला चिंधी बांधली अन् तिथून पावलं मोजून ठेवली. ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा सोडायला लावला.

तू नाथसागर धरणाच्या गाळपेऱ्यात उन्हातान्हात पाखरांचं काय बघत बसतेस, ते मला आजवर नीट कळलं नव्हतं. कोंबडी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला, एवढंच ठाऊक. पण 42 अंशांत काळ्या रानात अनवाणी पाऊल ठेववत नाही, तिथं उघड्यावरची अंडी शिजत कशी नाहीत? बाभळीखाली बसून बघितलं. दुपारी ती अंड्यांवर टेकतच नव्हती. उभी राहून अंगाची सावली धरत होती, चोच उघडी, गळा धपापतोय. जोडीदार आला की ही हौदाच्या गळतीपाशी जायची, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवायची अन् तशीच ओली येऊन अंड्यांवर बसायची. मग तो जायचा. बारा ते तीन, दोघांच्या मिळून सात खेपा मोजल्या. हौदाची गळती यंदा बुजवायची होती, ती तशीच राहू दिली.

आपल्याकडं म्हणतात, टिटवीची जितकी अंडी तितके महिने पाऊस, अन् उंचावर घातली तर पाऊसकाळ चांगला. माझ्या वडिलांनी सांगितलं, मी तुला सांगितलं. तू तेव्हा एवढंच विचारलं होतंस की, अण्णा, चारपेक्षा वेगळी कधी बघितली का? मला राग आला होता. आता आठवून बघतो तर 2015 च्या उन्हाळ्यातही धुऱ्यावर चारच होती. त्या वर्षी पावसानं दगा दिला अन् पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बहुतेक वेळा ती चारच घालते, तर तिच्या अंड्यांनी पाऊस कसा सांगावा?

परवा आत्या आली होती. पाखरं बघायला कोणी पगार देतं का, म्हणाली. मी तिला सालिम अलींचं सांगितलं, तूच मला सांगितलेलं. 1930 साली किहीमला ते सुगरणीच्या खोप्यांसमोर महिनोन्‌महिने बसले. आपण तिला सुगरण म्हणतो, पण विणतो नर. अर्धा खोपा विणून दाखवतो, मादीला पसंत पडला तरच पुरा करतो, अन् मग दुसऱ्या खोप्याला लागतो. आपल्याही विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या खोपे लोंबले, आमच्यापैकी कोणी तेवढं बसून बघितलं नाही. आत्याला किती पटलं माहीत नाही. लग्नाचा विषय तिनं काढलाच. मी म्हणालो, माईचं काम होऊ द्या.

आता जे सांगायला बसलो ते. दोन वर्षांमागं तळच्या रानात रोटावेटर चालू होता. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. अपशकुन म्हणून मी ढेकूळ मारून तिला हाकललं. पलीकडं गेल्यावर मातीत टरफलं दिसली, ओली. ती जीव तोडून तेच सांगत होती. त्याच आठवड्यात तू घरी आलीस, आपल्या रानात टिटवी बसलीय का विचारलंस, अन् मी नाही म्हणालो. तुझ्याशी खोटं बोललो, माई. यंदा बाभळीखाली बसलो ते त्यापायी.

26 व्या दिवशी तीन पिल्लं निघाली. अंगावरची लव वाळली न वाळली तोच पळायला लागली. धनगराचं कुत्रं आलं तेव्हा टिटवीनं एक आवाज दिला अन् तिन्ही जागच्या जागी जमिनीला चिकटली. माझ्या चपलेपासून हातभरावर एक होतं, डोळा तेवढा हलत होता. ती स्वतः पंख मोडल्यासारखी फरफटत कुत्र्याला पार ओढ्यापर्यंत घेऊन गेली. मी श्वास धरून उभा.

चौथं अंडं फुटलं नाही. जागेवरच आहे, हात लावलेला नाही. वही सोबत पाठवतोय; वेळा घड्याळ बघून लिहिल्यात, दोन दिवस बाजाराला गेलो होतो ते कोरे सोडलेत. त्या तुकड्यात वखराची पाळी घालायची थांबवलीय, पण मृग लागला की थांबता येणार नाही. त्याआधी ये. येताना तुझा तो जमिनीत खुपसायचा थर्मामीटर आण.

तुझे,
अण्णा