अहमदपूरच्या गॅरेजवाल्या भाऊंचे मनापासून आभार

लातूरहून नांदेडला जाताना अहमदपूरजवळ चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०४५३, म्हणजे पेट्रोल टाकीतल्या दाबाच्या सेन्सरचा व्होल्टेज जास्त. एकाने थेट टाकीच बदलायला सांगितली होती. भाऊ, तुम्ही मात्र घाई केली नाहीत. आधी टाकीचं झाकण उघडून आतला दाब बाहेरच्या हवेएवढा होऊ दिलात. तरी रीडिंग जागचं हललं नाही. मग भर उन्हात गाडीखाली आडवं होऊन मल्टिमीटर लावलात. ५ व्होल्टचा पुरवठा बरोबर, अर्थिंग बरोबर, वायरी धड. सिग्नल तेवढा साडेचारच्या वर अडकलेला. दोष सेन्सरचाच! इतकं नीट तपासणारा माणूस नशिबानेच भेटतो. नांदेडहून एसटीने सेन्सर पोचवणाऱ्या मामांचे आणि लेकरांना घरात बसवून चहा-भाकरी देणाऱ्या ताईंचेही उपकार आहेत.