नावं न कळलेल्या माणसांचे आभार

माजलगावच्या मोंढ्यात सोयाबीनच्या विक्रीच्या पट्टीवर (हिशेबाच्या पावतीवर) सही करताना आप्पांच्या हातातून पेन गळालं. उचललं, परत गळालं. दहा मिनिटांत हात पहिल्यासारखा झाला, म्हणून ते घरी निघाले होते. त्यांना अडवणारे हमालदादा, तुमचे उपकार कसे फेडू? "काका, माझ्या बापाला असंच झालं होतं, आजच दवाखाना गाठा," म्हणत तुम्ही त्यांना स्वतःच्या गाडीवर नेलंत. त्या दिवसाची तुमची वाराई बुडाली.

छत्रपती संभाजीनगरला तपासणीत मानेची डावी धमनी फार अरुंद निघाली. तिथून सुटलेली गुठळी मेंदूत गेली होती. हात आपोआप सुधारला तरी पुढचे काही दिवसच जास्त धोक्याचे असतात, हे तिथं कळलं.

जांघेतून तार मानेपर्यंत नेली, गुठळी वर जाऊ नये म्हणून गाळणीसारखी छत्री उघडली, फुग्यानं जागा करून जाळीचा स्टेंट बसवला. आप्पा जागेच होते. फुगा फुगवताना नाडी मंदावू शकते. त्या वेळी मेंदू नीट काम करतोय ना हे कळावं म्हणून त्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू देऊन "दाबा आप्पा, अजून जोरात" म्हणत राहिलेल्या सिस्टर, तो आवाज ते अजून आठवतात.

व्हरांड्यात उपाशी बसलेल्या आईला भाकरी-ठेचा देणाऱ्या गेवराईकडच्या मावशी, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय. घासून फडताळात ठेवलाय.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, तंबाखू सुटली. हमालदादा, परवा आप्पांनी पट्टीवर सही केली. तुम्हाला शोधलं, दिसला नाहीत.