एचआयव्ही प्रतिबंधक औषधाला विम्याचे पक्के संरक्षण हवे

महोदय,

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यावयाच्या ‘प्रेप’ औषधाचा खर्च अमेरिकेतील आरोग्य विम्याने पूर्णपणे उचलावा, ही तरतूद ज्या तज्ज्ञ कृतिदलाच्या २०१९ मधील शिफारशीवर उभी आहे, त्याच्या सदस्यांची नेमणूक तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली, याचे मला मनापासून समाधान वाटते. नियमित घेतल्यास हे औषध शरीरसंबंधातून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटवते. मात्र त्यासोबत ठरावीक काळाने रक्ततपासणीही करावी लागते (हे सहसा विसरले जाते) आणि तिचा खर्चही विम्यातच असायला हवा. त्याच निकालाने आरोग्यमंत्र्यांचा शिफारशी रोखण्याचा अधिकारही मान्य केल्यामुळे, ही तरतूद स्वतंत्र कायद्यानेच पक्की करावी.

– एक वाचक